राखीव अर्धा

नवऱ्याची नखं कापत होते तेव्हा फोन आला. त्याचा डावा हात माझ्या मांडीवरच्या टॉवेलवर पडला होता, धुऊन वाळत टाकलेल्या हातमोज्यासारखा. त्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पहिल्या पेरापाशीच संपतं, त्यामुळे तिथे कापायला काही नसतं. मी अंगठ्यापासून सुरुवात करते आणि मधल्या बोटाशी थांबते. फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला. पलीकडे करवतवाली होती. ती आता आमच्या जुन्या थंड खोलीची प्रमुख आहे, पण पहिल्यांदा आली तेव्हा तिला बर्फ कापायच्या करवतीवर उभी केली होती, म्हणून मी ठेवलेलं हे नाव. "मॅडम, बसलाय ना तुम्ही?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, "नखं कापतेय, बोल." "सरांचा तो राखेचा तुकडा आहे ना, पुस्तकातला? तो उलटा आहे." "उलटा म्हणजे?" "उलटा म्हणजे उलटा. पाय वर, डोकं खाली. इतकी वर्षं आपण सगळे तो उलटा वाचत बसलोय." माझा हात हलला असावा. नखाबरोबर कातडीचं बारीक सालपट निघालं आणि रक्ताचा थेंब टॉवेलवर उतरला. त्याने हात मागे घेतला नाही. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे बघत तो नेहमीच्या सभ्य आवाजात म्हणाला, "आचाऱ्याला सांगा, येतो म्हणावं." दारातून मावशी हसली. त्याचं सगळं करायला ती दिवसभर येते. "घ्या! आत्ता तर खाल्लं साहेबांनी. पोटात विहीर आहे की काय!" हे वाक्य तो दिवसातून कितीतरी वेळा म्हणतो. बाकीची सगळी वाक्यं एकेक करून गेली, माझं नाव गेलं, स्वतःचं गेलं, हे एवढं राहिलं. ते म्हटलं की आम्ही त्याला भरवतो. तो तोंड उघडतो.

माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, मी आमचं काम एकदा सविस्तर समजावून सांगितलं होतं. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "म्हणजे पगार घेऊन शिळा बर्फ सांभाळायचा. बरंय." चुकीचं नव्हतं ते. ध्रुवाकडे पडलेला बर्फ वितळत नाही. या वर्षीचा मागच्या वर्षीच्या अंगावर पडतो, मागचा त्याच्या मागच्याच्या, आणि दाबला जाऊन हजारो वर्षं तिथेच राहतो. त्यात पोकळ ड्रिल घालून हाताच्या लांबीएवढा, मनगटापेक्षा थोडा जाड असा एकेक तुकडा वर काढायचा आणि खाली उतरत जायचं. पृथ्वीवर कुठेही एखादा ज्वालामुखी जोरात फुटला की त्याची धूळ आणि धूर वाऱ्यावर चढून तिथवर जातात आणि त्या वर्षीच्या बर्फात बसतात. त्या डोंगराचं नाव घेणारं माणूस उरलेलं नसतं, गाव उरलेलं नसतं, पण बर्फाला माहीत असतं. राख जड, ती आधी पडते, एकदम. धुरातलं आम्ल मागून येतं आणि सावकाश जातं. वर्ष, दोन वर्षं, कमी कमी होत पडत राहतं. म्हणून बर्फात नेहमी खाली एक काळी धारदार रेघ दिसते आणि तिच्यावर विरत जाणारं आम्ल. नवऱ्याच्या त्या एका तुकड्यात मात्र उलटं होतं. आम्ल थोडं थोडं वाढत गेलेलं आणि सगळ्यात शेवटी राख. हा डोंगर आधी दोन वर्षं आतल्या आत धुमसला आणि मग फुटला, असा त्याचा अर्थ लावला गेला. 'धुमसता डोंगर' म्हणून तो पुस्तकात गेला, मुलांनी परीक्षेत त्याच्या आकृत्या काढल्या. करवतवालीनेही काढली होती. आता दुसऱ्या कुणी दुसरीकडे खणलेल्या बर्फात तोच डोंगर सापडला होता, आणि तिथे तो इतर सगळ्या डोंगरांसारखाच वागला होता. आधी फुटला होता, मग पडत राहिला होता.

कुणाला संशय आला नाही, कारण तुकडा त्याचा होता. ड्रिलमधून बर्फ बाहेर आला की पहिलं काम, त्याच्यावर बाण काढायचा. बाणाचं टोक आभाळाकडे, ज्या बाजूने आपण खाली आलो त्या बाजूला. मग तो तुकडा जगात कुठेही नेला, आडवा ठेवला, कापला, तरी वर कुठलं आणि खाली कुठलं ते कळतं. बाकी शंभर चुका माफ असतात, ही एक नसते. "बर्फाला तोंड नसतं," तो नव्या पोरांना सांगायचा, "आपण काढलेला बाण हेच त्याचं तोंड." घरातही तो बाण काढायचा. खोक्यांवर, बरण्यांवर, गादीच्या उशाच्या बाजूला. लग्नाआधी मला पाठवलेल्या पाकिटांवरसुद्धा कोपऱ्यात एक छोटा बाण असायचा, मी वाचताना धरायची बाजू चुकेन की काय अशा काळजीने. आमच्या मैत्रिणींनी त्यावरून माझा पुरता पिच्छा पुरवला होता. त्याचा बाण एका दमात यायचा. पेन न उचलता एक सरळ रेघ, आणि तिच्या टोकाला दोन चिमटीएवढे पंख. थंडीत पेनातली शाई गोठायची म्हणून तो ते काखेत ठेवायचा.

"राखीव अर्ध्याला करवत लावायची परवानगी हवी होती," करवतवाली म्हणत होती. ही आमच्याकडची जुनी रीत. प्रत्येक तुकडा लांबीला उभा चिरतात. एक अर्धा कामाला घेतात, वितळवतात, मोजतात, संपवतात. दुसरा अर्धा राखून ठेवतात, आपल्यापेक्षा शहाण्या, अजून जन्मायच्या असलेल्या माणसांसाठी. ज्यांनी तो खणून काढला त्यांच्यातलं कुणी हयात असेल तर त्यांना विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. कायदा नाही तसा, पण पाळतात. त्या तुकडीतला आता तो एकटाच हयात आहे, आणि त्याच्या वतीने बोलायला मी. "फोटो पाठवते मॅडम, तुम्ही नुसतं हो म्हणा," ती म्हणाली. मी म्हटलं, "मी येते." "अहो, थंड आहे आत." "मला सांगतेस?"

बसमध्ये एका मुलीने उठून जागा दिली. "आजी, बसा." मी बसले. काचेवर पाण्याचे ओघळ होते आणि त्यांच्यामागून दुकानांच्या पाट्या, ओल्या भिंती, छत्र्या वाकड्यातिकड्या होऊन जात होत्या. मला त्या तुकड्याची तारीख कुणी सांगायची गरज नव्हती. ती त्याच्या प्लास्टिकच्या वेष्टनावर लिहिलेली आहे आणि मी ती आयुष्यभर पाहत आले आहे. त्या दिवशी आमची ठकी गेली. तेव्हा ती नुकती चालायला लागली होती, भिंतीला एक हात लावून. त्या हाताचे डाग भिंतीवर तिच्या उंचीवर एका ओळीत उमटलेले होते आणि ते पुढे किती तरी दिवस तसेच होते. ताप आला, उतरला, पुन्हा आला. हॉस्पिटलचा तो लांब व्हरांडा, फिनेलचा वास, बाकाची एक पट्टी सैल होती आणि ताई बसली की माझ्या बाजूने वर यायची. डॉक्टर बाहेर येऊन माझ्याशी नाही, ताईशी बोलला. तेवढ्यावरून मला कळलं. मी त्या वेळी काही रडले वगैरे नाही. मला फक्त वाटलं, आता त्याला कळवायला हवं. तो पृथ्वीच्या टोकाला होता आणि तिथे आवाज जायला एकच वाट होती, तळावरचा रेडिओ. ताईने संस्थेत जाऊन निरोप दिला. दोन शब्दांचा. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ताईने ते वाचून दाखवलं नाही, नुसतं माझ्यापुढे धरलं. "समजलं. काम चालू आहे."

एवढंच. ते मी उलटंसुलटं करून पाहिलं, दोन वाक्यांच्या मधल्या जागेत काही आहे का ते पाहिलं. माणूस तिथून लगेच येऊ शकत नाही हे मला माहीत होतं. विमान महिन्यांनी येणार होतं, आणि मी त्याच कामातली होते; तो का आला नाही, हा प्रश्नच नव्हता. पण काम चालू आहे? ते मी विचारलं होतं का? माझ्या पोटात तेव्हा काहीतरी बसलं, थंड, घट्ट. त्यावर पुढची वर्षं एकेक करून पडत गेली. हंगाम संपून तो परतला तेव्हा त्याची पिशवी उचलून तळावरचा आचारी सोबत आला होता. थोराड, बडबड्या माणूस. नवऱ्याची दोन बोटं हिमदंशाने गेली होती, म्हणून त्याला ओझं उचलता येत नव्हतं. तो दारातच उभा राहिला. भिंतीवरच्या डागांकडे त्याची नजर गेली आणि तिथून ती बुटांवर आली. गप्प बसवेना म्हणून की काय, आचारीच बोलत सुटला. "वहिनी, काय सांगू, पोलादाचा माणूस आहे! ड्रिल एक दिवस थांबलं नाही. एक दिवस नाही!" तो माझं सांत्वन करत होता. त्याला वाटलं मला अभिमान वाटेल. "आणि बोटं?" मी विचारलं. "ती होय... हातमोजा काढून काम करत होते, दुसरं काय. कामापुढे भान राहतं का यांना!" जाताना आपल्या शिध्याचा पत्र्याचा एक रिकामा डबा तो मला भेट म्हणून देऊन गेला. अजून आहे घरात, त्यात बटणं असतात.

त्या संध्याकाळपासून मी नवऱ्याला 'तुम्ही' म्हणायला लागले. आम्ही एका वर्गातले, पहिल्या दिवसापासून तू-तूच होतो. "जेवायला वाढलंय, या तुम्ही," मी म्हटलं आणि त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, एकदाच. लोकांना तो आदर वाटला. ताई मात्र म्हणाली, "अगं, परक्यासारखं काय बोलतेस?" मी म्हटलं, "वय झालं आता आमचं." माझी तिशी यायची होती. बोलताना तुम्ही आणि मनात तो, असं मग सुरू राहिलं आणि अंगवळणी पडलं. दुसरं मूल झालं नाही. झालं नाही म्हणजे आम्ही होऊ दिलं नाही, ठरवलं असंही नाही. एकाच थंड खोलीत समोरासमोरच्या टेबलांवर आम्ही नोकरीची सगळी वर्षं काढली. जाड कोट, जाड टोप्या, तोंडावर पट्ट्या, नुसते डोळे दिसायचे. अशा जागी नवरा-बायकोने न बोलणं कुणाच्या लक्षातही येत नाही. आमचं भांडण कधी झालं नाही. भांडायला काही गरम लागतं. त्या तुकड्याच्या कामाच्या अर्ध्यातलं आम्लही मीच मोजलं होतं. तारीख वाचून मी वेष्टन उघडलं आणि त्या दिवसाचे पातळ काप करून काचेच्या नळ्यांमध्ये वितळवले. आलेखात उलटी चढत गेलेली रेघ त्याला नेऊन दाखवली. तो फार वेळ त्या रेघेकडे बघत बसला. मग म्हणाला, "मग हा डोंगर आधी धुमसला असेल." मी म्हटलं, "तुम्ही म्हणता तर असेल."

आणि आता बसमध्ये, इतक्या उशिरा, माझ्या लक्षात आलं. तो बाण चुकला होता. ज्या माणसाने उभ्या जन्मात एकही बाण उलटा काढला नाही, त्याचा हात त्या दिवशी चुकला होता. म्हणजे त्याला निरोप मिळाला, त्याने पेन काखेतून काढलं, आणि त्याला वर कुठलं आणि खाली कुठलं ते कळेनासं झालं. मी इतकी वर्षं दुसरं काय मागत होते? एक चूक. एवढीच. मी रुमाल काढून नाक पुसलं आणि शेजारची मुलगी म्हणाली, "आजी, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "नाही गं, बरं वाटतंय." आणि खरंच वाटत होतं. त्याची लाजही वाटत होती. मेलेल्या लेकीच्या दिवसावरून म्हातारी मनातल्या मनात हरखून जाते, हे काय म्हणायचं. दोन थांबे आधीच मी उठून दाराशी जाऊन उभी राहिले.

"तुमचा कोट अजून त्याच खुंटीवर आहे," करवतवाली म्हणाली. "उंदरांनीसुद्धा तोंड लावलं नाही." "उणे वीसमध्ये उंदीर कुठला?" "तेच म्हणते!" तिने मला कोट चढवला, हातमोजे दिले, बुटांचे बंद वाकून बांधले. बांधता बांधता म्हणाली, "सरांचं नाव कुठे खराब होणार नाही मॅडम. मी लिहीन नीट. गल्लत झाली, इतकंच." मी मान हलवली. जाड दार उघडलं आणि तो वास आला, खरं म्हणजे वास नसल्याचा वास, आणि कॉम्प्रेसरची ती घरघर. घरी फ्रिज क्षणभर थांबला तरी अजून मी दचकते. इथे नोकरी केलेलं प्रत्येक माणूस त्या आवाजाच्या पोटात राहतं. फळ्यांच्या रांगांमधून तिने तो ट्रे ओढला, टेबलावर ठेवला, वेष्टन सोडलं. बाहेर त्याचं अक्षर, तारीख, बारीक, सुबक. आत बर्फाचा अर्धा उभा चिरलेला दांडा, दुधी, दोन्ही टोकांना फुटलेला. तेवढ्या खोलवरचा बर्फ ठिसूळ असतो, वर येताच तडकतो, म्हणून शेजारच्या तुकड्यांच्या कडा जुळवून पाहता येत नाहीत. नाहीतर चूक तेव्हाच सापडली असती. गोल बाजू वर केली. निळा बाण.

तो त्याचा नव्हता.

मी वाकले. चष्म्यावर वाफ धरली, तो पुसला आणि पुन्हा पाहिलं. जाड बाण होता, दोनदा गिरवलेला. टोकाला पंख नव्हते, भरीव त्रिकोण होता, आत शाई घासून घासून भरलेला. आणि बुडाला एक आडवी रेघ, खाली जमीन दाखवावी तशी. पहिल्यांदा माझ्या मनात आली ती नुसती निराशा, लहान मुलाच्या हातातलं काढून घ्यावं तशी. त्याचा हात चुकलाच नव्हता. त्याचा हात तिथे नव्हताच. माझ्या बटणांच्या डब्यावर हाच बाण आहे. आचाऱ्याच्या प्रत्येक डब्यावर होता, ही बाजू वर ठेवा म्हणून. रोज बटण शोधताना माझा अंगठा त्याच्यावर पडतो. मी तिथेच टेबलाला हात टेकून उभी राहिले आणि मग सगळं एकेक करून, घाई न करता, येऊ लागलं. त्या आठवड्यात बाकीची माणसं ट्रॅक्टर घेऊन इंधन आणायला गेली होती, हे मला ठाऊक होतं, हंगामाच्या अहवालात होतं ते. तळावर दोघंच होते, तो आणि आचारी. ड्रिल खोल गेलेलं असताना तसंच सोडलं तर भोक आवळत येतं आणि ड्रिल गोठून कायमचं अडकतं, सगळ्या वर्षांचं काम जातं. आत असलेला तुकडा कुणीतरी वर काढावाच लागतो. आचाऱ्याने तो काढला. ज्या माणसाने आपल्या ड्रिलच्या दोरीला कुणाला हात लावू दिला नाही, त्याच्या जागी उभं राहून, जमेल तसा. आणि पाहिलेलं आठवून त्याने बाणही काढला. डब्यावरचा बाण वर दाखवायचा, पण बर्फावरचा कुठल्या दिशेला ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं असेल, ड्रिल जिकडे जातं तिकडे. खाली.

"कुणाचा आहे हो बाण?" करवतवालीने विचारलं. "सरांचा वाटत नाही." "आचाऱ्याचा," मी म्हटलं. "रेडिओही तोच सांभाळायचा." "आचाऱ्याचा? मग सर कुठे होते?" तिने ते सहज विचारलं. इतक्या वर्षांत मला जे विचारावंसं वाटलं नाही, ते तिने टेबलावरचा बर्फाचा चुरा ब्रशने झाडता झाडता विचारलं. मी म्हटलं, "बाहेर." "बाहेर म्हणजे? तिथे बाहेर काय आहे?" "काही नाही." तिने ब्रश खाली ठेवला. तंबूच्या पलीकडे सगळीकडे सारखंच पांढरं, दिशा नाही, बसायला दगड नाही, रडायला आडोसा नाही. तो किती लांब गेला, कुणास ठाऊक. आचारी मागून हाका मारत असेल. रेडिओवर काहीतरी उत्तर द्यायला हवं म्हणून त्यानेच ते दिलं असेल, त्याला सुचलं ते, धीराचं, अब्रू राखणारं: समजलं. काम चालू आहे. आणि पुढे आमच्या दारातही तेच. आपल्या माणसाची लाज झाकत होता बिचारा. आणि हा? ह्याला कळलं नसेल? परतल्यावर वेष्टनावर तारीख तर ह्यानेच घातली होती. मी ती उलटी रेघ त्याच्यापुढे ठेवली तेव्हा फार वेळ बघत बसला होता तो. आचारी तेव्हा जिवंत होता, एका फोनचं काम होतं: बाण कुठल्या बाजूला काढलास? पण ते विचारायचं म्हणजे त्या दिवशी ड्रिलपाशी आपण नव्हतो हे आधी बोलायला हवं होतं, कुणाला नाही तरी मला. मला, समोरच्या टेबलावरच्या, 'तुम्ही' म्हणणाऱ्या बाईला. त्यापेक्षा त्याने एक अख्खा डोंगर रचला. बाणाला तोंड म्हणणाऱ्या माणसाने.

"परवानगी आहे ना मॅडम?" करवतवालीने हळूच विचारलं. मी म्हटलं, "हा बाण ठेवता येईल का?" "वरचा थर तासावाच लागतो हो. शाईतलं काही आत गेलं तर आकडे बिघडतात. तुम्हीच शिकवलंय." मग थांबून म्हणाली, "नको असेल तर नाही करत. तुमचा शब्द." क्षणभर मला वाटलं, नको म्हणावं. हा त्याच्या दुःखाचा एकमेव पुरावा आहे, तोही दुसऱ्याच्या हातचा. राहू दे फळीवर. पण राखीव अर्धा राखतात तो कुणीतरी एक दिवस कापावा म्हणूनच. नुसता राखून राखून काय होतं ते मी पाहिलं होतं. "तास," मी म्हटलं. तिने आधी तुकडा उचलला, फिरवला आणि टेबलावर सरळ ठेवला. एवढीच हालचाल. मग पातं लावलं. बर्फाच्या पांढऱ्या सालींमधून मध्येच निळसर साली निघू लागल्या, बुडाची रेघ गेली, दांडा गेला, शेवटी तो घासून भरलेला त्रिकोण. ती वाकलेली होती तेवढ्यात मी डावा हातमोजा काढला आणि त्या निळ्या साली मुठीत घेतल्या. पहिल्यांदा भाजल्यासारखं झालं. मग दुखायला लागलं, कोपरापर्यंत. मग दुखायचं कमी होत गेलं, आणि ते वाईट लक्षण असतं. बोट जायला किती वेळ लागतो हे आमच्याकडे कामाच्या पहिल्याच आठवड्यात शिकवतात. माझी बोटं पांढरी झाली आणि मला सहन होईना, तरी त्या मानाने काहीच वेळ झाला नव्हता. जवळपाससुद्धा नाही. "मॅडम! हात!" करवतवाली ओरडली. मी मूठ उघडली. निळं पाणी मनगटावरून कोटाच्या बाहीत गेलं.

घरी पोचले तेव्हा मावशीची निघायची वेळ झाली होती. "चिडले नाहीत आज, शहाण्यासारखे बसलेत," तिने सांगितलं. "बटाटा कुस्करून ठेवलाय. आणि बाई, तुमचा हात लाल का झालाय असा? कुठे भाजलात?" मी म्हटलं, "थंडी होती." ती गेली. तो खिडकीशी होता, सकाळी होता तसाच, गुडघ्यावर पांघरूण. बाहेर समोरच्या भिंतीवरचा उजेड गेला होता. मी दिवा लावला नाही. खुर्ची त्याच्यासमोर ओढून बसले आणि त्याचा डावा हात उचलला. सकाळच्या जखमेवर मावशीने पट्टी लावली होती. तिच्या पलीकडची दोन बोटं, बुटकी, टोकाशी गुळगुळीत. नखं कापताना मी त्यांच्या अलीकडे थांबते, इतकी वर्षं थांबत आले. आज त्यांच्यावर अंगठा फिरवला. ती हाताच्या बाकीच्या भागापेक्षा थंड होती. विचारायचं खूप होतं. किती वेळ होतास? तिला हाक मारलीस का? हातमोजा का काढलास, की निघताना घालायचंच राहिलं? परत का आलास? यातल्या कशाचंही उत्तर आता त्याच्याजवळ नव्हतं. ते कधीचं वितळून गेलं होतं, त्याच्या आत, माझ्यासमोर, मी त्याला भरवत असताना. त्याने भिंतीवरची नजर काढून माझ्याकडे आणली. कोण आहे हे कळलं नाही त्याला, पण कुणीतरी आहे हे कळलं. आणि त्याच सभ्य, थोड्या अजिजीच्या आवाजात, लांबून कुणी हाका मारत असावं आणि त्याला अजून थोडा वेळ हवा असावा तसा, तो म्हणाला, "आचाऱ्याला सांगा, येतो म्हणावं."

"नको येऊस," मी म्हटलं. "तिथेच थांब. मी येते."

त्याने ऐकलं असेल. मग सवयीने त्याने तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं, आणि माझ्या हातात घास नव्हता.